गाऱ्हाणं कुणाचं? मानसिक आजारात मदत कुठे आणि कशी मागायची

आमच्याकडे देवगड तालुक्यात देवळात गाऱ्हाणं घालतात, ते तुम्ही पाहिलं असेल. ज्याची अडचण असते तो नारळ घेऊन पुढे येतो. गुरव किंवा गावकर त्याच्या वतीने देवाला सगळं सांगतो आणि मागे उभी असलेली मंडळी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बोलणारा दुसरा असतो, पण ज्याचं गाऱ्हाणं तो तिथेच, सगळ्यांच्या समोर उभा असतो. मानसिक आजारावर काम करणाऱ्या संस्था 'अ‍ॅडव्होकसी' असा एक शब्द वापरतात. त्याचा अर्थ मला कुणी विचारला की मी हे गाऱ्हाणं सांगते. आजारी माणसाच्या बाजूने बोलायचं, पण त्याला समोर ठेवून.

आमच्या घरात हे उलटं चाललं होतं. माझ्या धाकट्या भावाचं गाऱ्हाणं आम्ही चौदा वर्षं सगळीकडे घालत फिरलो आणि तो मात्र मागच्या पडवीत बसून असायचा.

त्याला सिझोफ्रेनिया आहे. मुंबईतली नोकरी सोडून तो गावी आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. रात्र रात्र जागायचा, कुणाशी तरी बोलायचा, माडावर चढलेला गडी आपल्यावर नजर ठेवतोय म्हणायचा. शेजारच्या काकी म्हणाल्या, 'तेका भायरचा कायतरी लागला हा.' मग घाडी, म्हणजे गावचा मांत्रिक झाला, देवाचा कौल झाला, दोन ठिकाणचे उतारे झाले. डॉक्टरपर्यंत पोचायला आम्हाला पावणेदोन वर्षं लागली. ती पावणेदोन वर्षं आजही मला टोचतात, कारण या आजारात उपचार जितके लवकर सुरू होतात तितका माणूस जास्त सावरतो.

ज्यांच्या घरात हे नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी मी लिहितेय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. कुठल्या टेबलावर काय मिळतं, एवढं मला चपला झिजवून कळलंय.

सुरुवातीला एक घोटाळा दूर करू, कारण पुढे सरकारी कागदांवर तो नडतो. मतिमंदत्व आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतिमंदत्वात बुद्धीची वाढ लहानपणापासूनच कमी झालेली असते. मानसिक आजार चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसालाही होतो, कुठल्याही वयात होऊ शकतो, आणि बहुतेक आजार उपचारांनी आटोक्यात येतात. गावात मात्र दोघांनाही 'खुळो' हा एकच शब्द. कायद्यातही फरक आहे. मतिमंद मुलांच्या पालकांना १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाची सोय मिळते, पण मानसिक आजार त्या कायद्यात येत नाही. एका ओळखीच्या बाईंनी आपल्या मुलासाठी त्याच कायद्याखाली अर्ज केला आणि आठ महिने वाट पाहिली.

आणि हा आजार फक्त आपल्याच घरात आलाय, असंही समजू नका. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण चित्र आपल्याला लागू पडावं असंच आहे. दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

दार कुठे आहे

सगळ्यात जवळचं दार म्हणजे फोन. 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्रीअपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात आणि गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे जोडून देतात. आजारी माणसानेच फोन करायला हवा असं नाही. आई, बायको, शेजारी, कुणीही करू शकतं. आमच्याकडे डोंगराआड रेंज नसते, म्हणून मी स्वतः पाणंदीच्या टोकाला जाऊन पहिला फोन केला होता. पलीकडच्या मुलीने मला पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर 'तुम्ही जेवलात का?' मी तिथेच बांधावर बसून रडले.

दुसरं दार म्हणजे गावची आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी चालते ती त्याच कार्यक्रमातून. सिंधुदुर्गात हे रुग्णालय ओरोसला आहे, रायगडात अलिबागला. आमच्यासारख्या खाडीपलीकडच्या माणसाचा ओरोसला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून निघण्याआधी ओपीडीचा वार फोनवर विचारून घ्या. सावंतवाडी, दोडामार्गकडची बरीच माणसं गोव्यात बांबोळीला जातात. तेही जवळच आहे.

आणि मग रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १८८६ सालचं. महाराष्ट्रात अशी चारच सरकारी मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. रत्नागिरीचं सगळ्यात लहान, ३६५ खाटांचं. आपल्याकडे 'रत्नागिरीक धाडूक व्हयो' ही शिवी होऊन बसली आहे, त्यामुळे लोक तिथल्या फाटकापाशीही जायला घाबरतात. तिथे रोजच्या रोज तपासून, गोळ्या घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी परतणारे लोक किती तरी असतात. आम्हीही त्यांतलेच. दाखल करणं हा त्या इमारतीतला एक भाग आहे, सगळी इमारत नव्हे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क केला. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे ते कार्ड असो वा नसो, आणि बेघर माणसाला उपचार मोफत मिळायला हवेत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. काउंटरवर कार्डावरून अडवलं तर एवढं वाक्य ठामपणे बोला. आरोग्यविमा असेल तर कंपनीने मानसिक आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच धरायचं, हेही त्यात आहे.

पेज

आता जे सांगणार आहे ते मला जड जातं.

भाऊ गोळी घेत नसे. 'मला काही झालेलं नाही' हे त्याचं म्हणणं खोटेपणाचं नव्हतं. या आजारात आपण आजारी आहोत हे पुष्कळदा माणसाला जाणवतच नाही. मग आईने गोळी कुटून सकाळच्या पेजेत घालायला सुरुवात केली. वर लोणच्याचा खार, म्हणजे कडू लागू नये. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. तीन महिन्यांत तो शांत झाला, आम्ही नवसाचे नारळ दिले. एके दिवशी ताटलीच्या तळाशी पांढरा चुरा राहिला. त्याने बोटाने तो उचलला, उजेडात धरला आणि आईकडे बघून इतकंच म्हणाला, 'माका इचारूचा तरी होता.'

त्यानंतर दीड वर्ष त्याने घरातलं शिजवलेलं खाल्लं नाही. शहाळं, केळी, दुकानातला बंद बिस्किटचा पुडा, एवढ्यावर राहिला. ज्याला आधीच वाटतंय की सगळे माझ्याविरुद्ध कट करताहेत, त्याच्या संशयाला आम्ही पुरावा दिला होता.

कितीतरी घरांत हे चालतं, आणि ते प्रेमापोटीच चालतं. पण आज मी कुणालाही हे करू नका असंच सांगेन. डॉक्टरांना सरळ सांगा की तो गोळी घेत नाही. काही औषधं दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने एकदा इंजेक्शनमधून देता येतात. काही वेळा माणूस गोळी का टाकतो याचं कारण साधं असतं: हात थरथरतात, वजन वाढतं, दिवसभर झोप येते. ते त्याने सांगितलं तर डॉक्टर औषध बदलू शकतात. आम्ही त्याला डॉक्टरांसमोर बोलूच दिलं नव्हतं. मी बोलायचे, आई बोलायची, आणि तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसायचा.

कायदाही हेच म्हणतो, पण वेगळ्या शब्दांत. मानसिक आजार आहे म्हणून माणसाला निर्णय घेता येत नाही असं आपोआप धरायचं नाही. स्वतःहून दाखल झालेल्याला स्वतःहून घरी जाता येतं, फार तर चोवीस तास थांबवून तपासता येतं. त्याची तयारी नसताना दाखल करायचं झालं तर दोन जाणकारांनी, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासून ठरवायला हवं की त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही. तेही सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस. जुन्या कायद्यातल्या 'कोर्टाच्या ऑर्डरी'ची भीती लोकांच्या मनात अजून आहे. आता रुग्णाला दाखल करायला घरच्यांना कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

या सगळ्यात त्याच्या बरोबर कोण, हे ठरवायचा हक्कही त्याचाच. कायद्यात त्याला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' म्हणतात. साध्या कागदावर लिहायचं की अमुक माणूस माझा प्रतिनिधी, खाली सही किंवा अंगठा. नोटरी नको, स्टॅम्पपेपर नको. काहीच लिहिलेलं नसेल तर नातेवाईक आणि मग सांभाळणारं माणूस असा क्रम लागतो. हा प्रतिनिधी उपचारांपुरताच असतो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण कोकणात या आजाराच्या आड सातबारा उभा असतो. आमच्या सामायिक कलमांच्या बागेत भावाचं नाव आहे. तो आजारी पडल्यावर एका नातेवाईकाने आईला सुचवलं, 'त्याचं हक्कसोड करून घेऊ, उगाच पुढे भानगड नको.' आजारामुळे कुणाचा जमिनीतला हिस्सा जात नाही. उपचारांसाठी नेमलेल्या प्रतिनिधीला बाग विकायचा किंवा कुणाच्या नावावर करायचा काहीच अधिकार नसतो. माणूस बरा असताना स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकतो, आणि मोठ्या निर्णयात आधार लागलाच तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, त्यातही त्याला विचारूनच निर्णय घ्यायचा असतो. असा प्रसंग आला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. दिव्यांग व्यक्तीला आणि मनोरुग्णालयात असलेल्या माणसाला तिथे फुकट वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

इस्त्रीचा शर्ट

मानसिक आजार हा दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं की पुढची दारं उघडतात: एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज, सरकारी नोकरीतल्या राखीव जागा. वडील किंवा आई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असतील तर त्यांच्या पश्चात कमावू न शकणाऱ्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. आईवडील हयात असतानाच त्याची कागदपत्रं करून ठेवावीत. मागाहून फार धावपळ होते.

प्रमाणपत्रासाठी पहिल्यांदा निघालो त्या दिवशी आईने पहाटे उठून भावाची दाढी करवली. इस्त्रीचा निळा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. सरकारी दवाखान्यात जायचं तर नीटनेटकं जायला हवं, ही तिची समजूत. आत विचारलं, 'कसा आहेस?' तो म्हणाला, 'बरा आहे.' 'काम करतोस?' 'करतो ना, बागेत.' पाच मिनिटांत झालं. टक्के चाळीसच्या खाली आले.

चूक कुणाची, हे मी उगाळत बसले नाही. मोजतात कसं ते शोधलं. 'आयडियाज' नावाचं एक मोजमाप आहे. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. आजार किती काळ आहे त्याचेही गुण मिळतात. एकूण वीस, आणि सात किंवा त्याहून जास्त गुण आले तर चाळीस टक्के किंवा त्याच्या पुढे. म्हणजे त्या दिवशी माणूस कसा दिसतो हा प्रश्नच नाही. त्याला अंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, किती दिवस कुणाशी बोलला नाही, बागेत गेला तर काम पुरं केलं का, हा प्रश्न आहे.

मग मी एक वही केली. डाव्या पानावर तारीख, उजव्या पानावर दोन ओळी. 'आज दात घासले नाहीत. खत टाकायला गेला, अर्ध्या तासात परत.' 'चार दिवस खोलीबाहेर नाही.' या वेळी भावाला विचारून लिहिलं. एक ओळ त्यानेच खोडून दुसरी लिहिली. दुसऱ्या खेपेला ती वही आणि जुने केसपेपर टेबलावर ठेवले. प्रमाणपत्र झालं. तुम्ही जाणार असाल तर किमान महिन्याभराची अशी वही घेऊन जा.

अडीअडचणीची रात्र

माणूस फार बिथरला तर १०८ ला अ‍ॅम्ब्युलन्ससाठी आणि धोका असेल तर ११२ ला फोन करा. मनोविकारतज्ज्ञ जवळ नाही म्हणून अडून बसू नका. जिवावरचा प्रसंग असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. घरात बांधून ठेवू नका, साखळीने तर कधीच नाही. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली अठ्ठावीस माणसं जागची हलू शकली नाहीत आणि जळून गेली. आज साखळी घालायला कायद्याने बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवावरच्या श्रद्धेला माझी आडकाठी नाही, आम्ही आजही पाषाणाला जातो. कौल घ्या, गोळी सोडू नका.

'मेलेलं बरं' असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि ओरडूही नका. 'जीव द्यावासा वाटतोय का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाचं ओझं हलकं होतं. त्याला एकटं सोडू नका आणि आंब्याच्या फवारणीची औषधं कुलपात ठेवा. आपल्याकडे ती पडवीतच पडलेली असतात. जिवावर बेतलेल्या कितीतरी प्रसंगांत ती एक-दोन तासांची लाट ओसरणं, एवढंच हवं असतं. असं करू पाहणाऱ्याला गुन्हेगार समजायचं नाही, तो प्रचंड ताणाखाली होता असं धरून सरकारने त्याला मदत करायची, असं २०१७ चा कायदा सांगतो. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

स्टेशनवर, एसटी स्टँडवर कुणी भरकटलेलं दिसलं तरी हाच कायदा कामाला येतो. पोलिसांनी त्याला कोठडीत न ठेवता सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, घर शोधायचं असतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन हेच काम करतं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना दूरदूरच्या घरी पोचवतं. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो याच कामासाठी.

आणि सांभाळणाऱ्यांचं काय? ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था, पुण्याची सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, यांनी कुटुंबीयांचे गट बांधले. ते पाहून आम्ही पाच घरांनी तालुक्यात एक बसणं सुरू केलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, शाळेच्या खोलीत. कुणी कुणाला उपदेश करत नाही. कुठल्या दुकानात औषध आलंय, कुणाचा अर्ज कुठे अडकलाय, हे बोलतो. शिमग्याच्या आधी एकमेकांना आठवण करतो की पालखीच्या रात्री पोरांना जागरण होऊ देऊ नका, कारण झोप मोडली की काहींचा आजार उसळतो. पहिल्या महिन्यात एक काका आले, दोन तास काही बोलले नाहीत. उठताना म्हणाले, 'बावीस वर्सांनी पयल्यांदा कोणाच्या तरी शेजारी बसलंय.'

गेल्या पावसात भावाने कायद्यातलं 'आगाऊ निर्देशपत्र' लिहिलं. पुन्हा आजार बळावला आणि आपल्याला ठरवता येईनासं झालं, तर आपल्याला कसं वागवावं आणि कसं वागवू नये, हे माणूस बरा असतानाच लिहून ठेवतो, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो. तातडीच्या उपचारांत ते आड येत नाही, पण एरवी डॉक्टरांना त्याची दखल घ्यावी लागते. मी मसुदा करून दिला होता. त्याने तो बाजूला सारला आणि ओटीवर बसून स्वतःच्या अक्षरात लिहिलं. कुठलं औषध त्याला सोसत नाही, ते पहिलं. मला बांधू नये. ताईला फोन करावा. रात्री खोलीतला दिवा चालू ठेवावा.

चौथी ओळ लिहून तो थांबला, आत चुलीपाशी बसलेल्या आईकडे पाहिलं, आणि पाचवी लिहिली: पेजेत काही घालू नये.